दुसऱ्या मास्टरने बघा

आमच्या औषधांच्या कारखान्यात फिलिंग रूमच्या बाहेरच्या भिंतीवर डिफरेन्शियल प्रेशरचा, म्हणजे खोलीतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक दाखवणारा, गोल गेज आहे. त्याची सुई त्या दिवशी सात पास्कलवर येऊन बसली होती. आमची खालची मर्यादा दहाची. सुपरवायझरांचा फोन आला, "तुमचा गेज बिघडलाय, बदलून द्या, लाइन थांबलीय." (गेज नीट चालतो तोवर तो प्रॉडक्शनचा असतो, बिघडला की माझा होतो. हे आता अंगवळणी पडलंय.) मास्टर मॅनोमीटर, म्हणजे पडताळणीसाठीचं जास्त भरवशाचं दाबमापक, घेऊन गेलो. दोन्ही नळ्या काढून बाजू हवेला मोकळ्या केल्या, सुई शून्यावर आली. मग गेज आणि मास्टर एकाच जोडणीवर घेऊन हातपंपाने हलका हलका दाब दिला. पाच, दहा, पंधरा, वीस, आणि तसंच उलट्या क्रमाने खाली. गेज मास्टरला सोडायला तयार नाही, अर्ध्या पास्कलचाही फरक नाही. नळ्या परत लावल्या, सुई पुन्हा सातवर. मी म्हटलं, "सर, गेज बरोबर आहे. खोलीचाच दाब पडलाय." ते बराच वेळ सुईकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "दुसऱ्या मास्टरने एकदा बघता का?"

बघितलं. सातच. शेवटी दाराच्या खालचं रबराचं सील एका कोपऱ्यात फाटलेलं निघालं, तिथून हवा निसटत होती. सील बदललं, सुई चौदावर गेली, लाइन सुरू झाली, कागदपत्रं पुरी झाली. तिथे खरं तर विषय संपायला हवा होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यात अपमान वाटण्यासारखं काहीच नव्हतं, मास्टर चुकू शकतो आणि दुसऱ्याने पडताळणं हे शहाणपणाचंच आहे. खटकलं ते वेगळंच. इतकी वर्षं मी साधनं पडताळायचं, म्हणजे कॅलिब्रेशनचं, हे काम करतोय, हजारो साधनांवर हिरवं स्टिकर लावलंय, आणि ‘सगळं ठीक आहे’ असं मी सांगितल्यावर आजपर्यंत एकाही माणसाने मला म्हटलेलं नाही की दुसऱ्या मास्टरने बघा.

दहा पास्कल म्हणजे किती? पाण्याच्या उंचीत मोजलं तर जेमतेम एक मिलिमीटर. भरल्या पेल्यातलं पाणी काठावर किंचित फुगून दिसतं, तेवढं. एवढ्याशा जोरावर निर्जंतुक खोलीतली हवा बाहेर ढकलली जाते आणि बाहेरची आत शिरत नाही. त्या खोलीत उघड्या व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, पट्ट्यावरून सरकत असतात, वरून गाळलेली हवा संथ उतरत असते, आणि हे सगळं नीट चाललंय की नाही हे सांगायला भिंतीवर एक सुई. हाताला तो दाब जाणवत नाही. दार उघडताना मनगटाला किंचित अडल्यासारखं वाटतं, बस. म्हणजे आपल्या इंद्रियांना जे कळत नाही त्याच्यासाठी साधन लावायचं, आणि साधन नको ते सांगायला लागलं की परत आपल्या इंद्रियांवर यायचं, ‘मला तर सगळं नेहमीसारखंच वाटतंय’ म्हणत.

हे फक्त कारखान्यात होतं असं नाही. घरात मुलीला ताप आला की आम्हीही तेच करतो. थर्मामीटरवर मोठा आकडा दिसला की दोघांच्या तोंडून एकदमच निघतं, परत लाव. नॉर्मल आकडा आला की तो पुसून डबीत. दोन्ही वेळा थर्मामीटर तोच, बगल तीच, धरायची पद्धत तीच. मी पेशाने कॅलिब्रेशनवाला, तरी माझ्या हातूनही डबीच आधी बंद होते.

बाहेरच्यांना वाटतं कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती. आतल्या पुष्कळांनाही तसंच वाटतं. खरं तर ती नुसती तुलना आहे. आपलं साधन काय म्हणतं, त्याच्याहून भरवशाचं साधन काय म्हणतं, आणि दोघांत अंतर किती. स्क्रू फिरवून ते अंतर मिटवणं हे वेगळं काम, आणि ते नंतरचं. साधन सापडलं कसं ते आधी लिहायचं, मग गरज असेल तर ॲडजस्ट करायचं, मग सोडलं कसं ते लिहायचं. ॲज फाउंड, ॲज लेफ्ट. नवीन मुलगा पॅनेलसमोर उभा राहिला की त्याचा हात आपसूक स्क्रूड्रायव्हरकडे जातो. त्याचा हेतू चांगला असतो, समोर चूक दिसते आहे, दोन सेकंदांत नीट होईल. मी त्याच्या हातात पेन देतो. कारण तो स्क्रू एकदा फिरला की मागचे सहा महिने पुसले जातात. हा सेन्सर किती चुकत होता, कुठल्या बाजूला चुकत होता, त्याच्या भरवशावर कुठली बॅच पास झाली, यातलं काहीही नंतर जगातल्या कुठल्याही मास्टरला सांगता येत नाही. पुढचं वाचन बिनचूक होतं आणि मागचं कायमचं अंधारात जातं. नव्या मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण शाळेपासून आपल्याला उत्तर बरोबर आणायला शिकवलेलं असतं, चुकलेलं उत्तर जपून ठेवायला नाही.

चांगल्या टेस्ट गेजच्या डायलवर, सुईच्या मागे, आरशाची एक बारीक पट्टी असते. कामाच्या सुरुवातीच्या काळात मला ती शोभेची वाटायची. आमच्या तेव्हाच्या सीनियरनी दाखवलं: डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे कर, आरशातली सुई खऱ्या सुईच्या मागे पूर्ण दडेपर्यंत. दडली की समज तू बरोबर समोर उभा आहेस, आता वाच. तिरकं उभं राहिलं तर एक-दोन बारीक रेघांचा फरक सहज पडतो, आणि गंमत अशी की माणूस कुठल्या बाजूने तिरका उभा राहील हे बहुतेक वेळा त्याला कुठला आकडा हवाय त्यावर ठरतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, पॅनेलसमोर उभ्या असलेल्या लोकांच्या माना बघून सांगतोय. हल्ली बहुतेक ठिकाणी डिजिटल डिस्प्ले आले, आरशाची पट्टी गेली, मानही सरळ झाली. आता मन तिरकं झालं तर ते दिसायची सोय नाही.

ट्रान्समीटरच्या बाबतीत मला एक गोष्ट फार आवडते. सेन्सरचं म्हणणं कंट्रोल रूमपर्यंत जातं ते चार ते वीस मिलिअँपिअरच्या करंटवर. मापाची खालची टोकाची किंमत म्हणजे चार, वरची म्हणजे वीस, बरोबर मध्ये बारा. शून्यापासून का सुरू केलं नाही? कारण वायर तुटली तर करंट शून्य होतो, आणि शून्य हाच जर वैध आकडा असता तर तुटलेली वायर निमूटपणे ‘सगळं शांत आहे’ असं सांगत राहिली असती. चारच्या खाली गेलं की कळतं, हा आकडा नाही, हा बिघाड आहे. ज्यांनी हे ठरवलं त्यांना विजेइतकाच माणसाचा स्वभावही कळत असावा.

माझं निम्मं आयुष्य ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने माल निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, आसपास गेलंय. तिथला गरम दमट वास, गॅस्केटचा किंचित जळका दर्प, व्हेंट उघडताना होणारा तो लांबलचक फुत्कार. लोड काढल्यावर स्टीलवरची वाफ विरेपर्यंत चष्म्यावर धुकं. निर्जंतुक भागात जायचं तर गाउन, हूड, दोन जोड हातमोजे, गॉगल. हातमोज्यांवर दर थोड्या वेळाने आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याचा थंड चटका थेट बोटांपर्यंत पोचतो. कागदसुद्धा साधा चालत नाही, तंतू न सोडणारा लागतो. अशा अवतारात ड्राय ब्लॉकमध्ये (ठरवलेलं तापमान धरून ठेवणारा ठोकळा) पीटी-१०० हा तापमान मोजायचा प्रोब घालून आकडा स्थिर व्हायची वाट बघायची. शून्य अंशाला शंभर ओहम, शंभर अंशाला १३८.५१ ओहम, एका अंशाला साधारण ०.३९ ओहम. प्लॅटिनमची केसाएवढी तार, तिचा रोध किती वाढला यावरून आपण म्हणणार की हा माल निर्जंतुक झाला. घाई करून चालत नाही. शेवटचा दशांश आधी नाचतो, मग रेंगाळतो, मग थांबतो. तो थांबेपर्यंत मास्कमध्ये स्वतःचा श्वास ऐकत उभं राहायचं.

तिथे उभा असताना मला हमखास डेव्हनपोर्ट आठवतं. १९७२ साली इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात सलाइनसारख्या शिरेतून द्यायच्या डेक्स्ट्रोजच्या बाटल्या दूषित निघाल्या. पाच रुग्णांच्या मृत्यूशी त्यांचा संबंध जोडला गेला. त्या बाटल्या आदल्या वर्षी निर्जंतुक केलेल्या होत्या, निदान कागदावर तरी. चौकशी समितीला आढळलं की ऑटोक्लेव्हमधली हवा पूर्ण बाहेर गेलीच नव्हती. हवा वाफेपेक्षा जड, ती तळाशी साचली आणि खालच्या बाटल्यांना पुरेशी उष्णता मिळाली नाही. दाबाच्या गेजवर हे दिसत नाही, कारण त्याला वाफेचा दाब आणि हवेचा दाब सारखाच, तो फक्त बेरीज दाखवतो. शुद्ध वाफ असेल तर वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे एक बार जास्त म्हणजे १२१ अंश. हवा मिसळलेली असेल तर दाब तोच, तापमान कमी. म्हणून तर तळाशी तापमान मोजायचं.

आणि ते मोजलं गेलं होतं. नोंद करणाऱ्या थर्मामीटरने तापमान चढलं नाही असं दाखवलं होतं. चालवणाऱ्यांनी ते बिघडलंय असं समजून दुसऱ्या गेजवर भिस्त ठेवली.

ही गोष्ट आमच्याकडे प्रशिक्षणात सांगतात तेव्हा तिचा धडा असा काढतात की एसओपी (ठरलेली लेखी कार्यपद्धत) पाळा, हवा काढा, नोंदी तपासा. सगळं खरं. पण मी प्रत्येक वेळी त्या थर्मामीटरपाशी अडकतो. त्या माणसांना निष्काळजी म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. त्या थर्मामीटरने आधी कधी दगा दिला असेल, तर त्यांचा संशय अगदीच हवेतला नसेल. एखादं साधन वारंवार कुरकुरायला लागलं आणि कुणी वेळेवर येऊन ते नीट केलं नाही, की लोक त्याचं ऐकणं सोडतात, आणि मग ज्या दिवशी ते खरं बोलतं त्या दिवशीही कुणी ऐकत नाही. म्हणजे माझ्या खात्याचं काम फक्त चुकीची साधनं पकडणं एवढंच नाही. बरोबर असलेल्या साधनाची पत टिकवणं हेही त्यातच येतं, आणि या दुसऱ्या कामासाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.

साधन खरंच मर्यादेबाहेर सापडलं तर काय होतं ते या क्षेत्रातल्या लोकांना सांगायला नको. आउट ऑफ टॉलरन्सचा रिपोर्ट भरला की क्यूए (गुणवत्ता बघणारं खातं), प्रॉडक्शन, इंजिनिअरिंग सगळे एका टेबलाभोवती. मागच्या वेळी साधन बरोबर सापडलं होतं त्या तारखेपासून आजपर्यंतची प्रत्येक बॅच पुन्हा डोळ्यांखालून घालायची. त्या खोलीत माझ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात ती मला पाठ आहे. जणू चूक मी सोबत पिशवीतून आणली. चहाच्या वेळी हेच लोक मला जवळचे मित्र, पण टेबलावर पहिला प्रश्न ठरलेला: मास्टरचं सर्टिफिकेट बघू. बघा की. त्याच्यासाठीच तर ते असतं. माझी तक्रार एवढीच की ते सर्टिफिकेट पास झालेल्या दिवशीही त्याच फाइलमध्ये असतं.

आणि खरं सांगायचं तर संशय घ्यायचाच असेल तर पास झालेल्या कागदावर घ्यावा. पाच पॉइंट, चढता-उतरता क्रम, आणि दहाही वाचनांत एरर शून्य शून्य शून्य, असा कागद समोर आला की माझ्या पोटात गोळा येतो. यांत्रिक गेज चढताना आणि उतरताना थोडं तरी वेगळं दाखवतो, स्प्रिंगचा तो धर्मच आहे. एवढा गुळगुळीत कागद बहुधा खुर्चीत बसून लिहिलेला असतो. त्याउलट ज्या कागदावर एके ठिकाणी एका रेघेने खोडून, सही-तारीख घालून, नवा आकडा लिहिलाय, त्याच्यावर माझा जीव बसतो. तिथे कुणीतरी खरंच उभं होतं.

मास्टरचाही मास्टर असतो, त्याचाही वरचा असतो, ही साखळी वर वर जात कुठे थांबते याचं मला नव्या नव्या काळात फार कुतूहल होतं. वजनाच्या बाबतीत ती अनेक वर्षं पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या एका तळघरात थांबत होती, प्लॅटिनम-इरिडियमच्या एका छोट्या दंडगोलापाशी. १८८९ पासून तोच किलोग्रॅम. पुढे त्याच्या प्रतिकृती त्याच्याशी ताडून पाहिल्या तेव्हा साधारण शंभर वर्षांत सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचं अंतर पडलेलं दिसलं. आता बदललं कोण? व्याख्येनेच तो दंडगोल म्हणजे किलोग्रॅम, त्यामुळे तो चुकणं शक्यच नव्हतं. चुकल्या त्या प्रती. त्याच्यासाठी दुसरा मास्टरच नव्हता! २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर बांधला गेला आणि त्या दंडगोलाची ही एकट्याची जबाबदारी संपली. ही बातमी आली तेव्हा मी आमच्या बॅलन्स रूममध्ये चिमट्याने वजनं मांडत होतो. उघड्या बोटाने धरायची नाहीत, घामाचा ठसासुद्धा वजन बदलतो. आमच्या कामात त्या दिवशी काडीचाही फरक पडला नाही, पडू नये अशीच तर सगळी तजवीज होती. मला मात्र उगाच हलकं वाटलं. ज्याला कुणी चूक म्हणू शकत नाही, अशा गोष्टीपाशी साखळी अडकलेली नाही याचं.

दर सर्टिफिकेटच्या तळाशी अनिश्चिततेची एक ओळ असते, अमुक आकडा, अधिक-उणे तमुक, पंचाण्णव टक्के खात्रीने. कारखान्यातल्या सगळ्या कागदांत आपल्याला नक्की किती कळलेलं नाही हे स्वतःहून छापून देणारा एवढाच कागद मला माहीत आहे. ती ओळ कुणी वाचत नाही. सगळ्यांची नजर ‘पास’वर.

माझीही जाते, हे लपवून उपयोग नाही. आमची बरीच कामं प्रॉडक्शन बंद असताना, सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री निघतात. पहाटेचे तीन वाजलेत, पाय दुखतायत, शेवटचा प्रोब उरलाय, आणि सकाळी सहाला बॅच चढायचीय. अशा वेळी आकडा मर्यादेच्या कडेला रेंगाळायला लागला की माझ्या आतूनही कुणीतरी त्याला हळूच आत ढकलत असतं. बस, आत ये, घरी जाऊ दे. तो बाहेर थांबला तर मनात पहिला विचार येतो की ब्लॉक नीट स्थिर झाला नसेल, अजून दहा मिनिटं देऊ. दहा मिनिटं देणं चुकीचं नाही. पण तोच आकडा आत थांबला असता तर मी ती दहा मिनिटं दिली असती का? म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय: किती वेळ थांबायचं ते ब्लॉक चालू करतानाच कागदावर लिहून टाकायचं, आकडा दिसायच्या आधी. सुपरवायझरांना मी हे कधी सांगितलेलं नाही. त्यांच्यावर राग धरावा एवढा मी त्यांच्यापेक्षा वेगळा नाही, फक्त माझ्या हातात फॉर्म आहे आणि त्यांच्या डोक्यावर टार्गेट.

गेल्या महिन्यात कॅलिब्रेशनच्या मुदती वाढवायचा विषय निघाला. जी साधनं वर्षानुवर्षं पास होतायत त्यांची तपासणी सहा महिन्यांऐवजी वर्षाने का करू नये, असा प्रस्ताव. तो वाईट नाही. ॲज फाउंडचा इतिहास चांगला असेल तर मुदत वाढवता येते, त्यासाठीच तर तो इतिहास लिहून ठेवायचा. यादीतल्या बहुतेक साधनांना मी होकार दिला, त्यात फिलिंग रूमचा तो गेजही आहे. ऑटोक्लेव्हच्या ड्रेनच्या, म्हणजे तळाचं तापमान मोजणाऱ्या, प्रोबला मात्र नाही म्हटलं. क्यूएच्या मॅडमनी विचारलं, "का? हा तर कधीच फेल झालेला नाही." मी म्हटलं, तो फेल होईल म्हणून नाही, त्याने कधी खालचा आकडा दाखवला तर पहिला फोन मलाच येईल की तुमचा प्रोब बिघडलाय, आणि तेव्हा माझ्याकडे ताजा कागद हवा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे रिस्क असेसमेंटच्या भाषेत लिहून द्या. दिलंय. अजून सही झालेली नाही.